गुडघ्याचा वॉश: पाण्यात काय घालतात ते नंतर विचारा

टीकेआर, म्हणजे गुडघा बदलायचं ऑपरेशन, झाल्यावर आत इन्फेक्शन झालेल्या पेशंटच्या घरच्यांना ‘उद्या सकाळी वॉश घेऊ’ असं सांगितलं की बहुतेकांचा जीव भांड्यात पडतो. वॉशच ना, म्हणजे धुणार, पू काढणार, परत टाके घालणार, झालं. मी मुंबईत ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सिस्टर आहे, हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही, आणि ओटीच्या दारात, लिफ्टमध्ये, हल्ली तर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरसुद्धा मला विचारतात की सिस्टर त्या पाण्यात औषध कुठलं घालतात, किती बाटल्या लागतात, भारीतलं असेल तर आम्ही बाहेरून आणून देतो ना. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

तर पाण्यात काय घातलं ह्याला लोक जेवढा भाव देतात तेवढा त्याला नाहीये. वॉश यशस्वी होतो तो दोन गोष्टींवर, एक म्हणजे सर (ऑपरेशन करणारे सर्जन) आत किती नीट खरवडतात आणि दुसरी म्हणजे तुम्ही पेशंटला किती लवकर घेऊन येता. पहिली आमच्या हातात, दुसरी तुमच्या. पाणी ह्या दोघांच्या नंतर येतं.

का ते सांगते. गुडघा बदलतात तेव्हा आत काय बसवतात, तर मांडीच्या हाडाला धातूची टोपी, नडगीच्या हाडाला धातूची प्लेट आणि दोघांच्या मधे प्लास्टिकचा लायनर, ओटीत आम्ही त्याला पॉली म्हणतो. आता धातूला आणि प्लास्टिकला रक्तपुरवठा नसतो. जंतू तिथे पोचले, बहुतेक वेळा स्टॅफ, म्हणजे आपल्या चामडीवर असतात तेच, की ते पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती एक चिकट थर तयार करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीत आतून बुळबुळीत थर धरतो ना, तुम्ही टाकी कितीदा रिकामी करून भरली तरी तो जात नाही, माणूस आत उतरवून ब्रशने घासावा लागतो, तसंच हे. त्या थरातल्या जंतूंना मारायला साध्या मोकळ्या जंतूंपेक्षा कित्येक पट, काही प्रयोगांत तर हजार पट, जास्त अँटिबायोटिक लागतं, आणि तेवढा डोस माणसाला देता येत नाही, किडनी आधी जाईल. म्हणून नुसत्या गोळ्यांनी, नुसत्या सलाईनने, नुसता पू सिरिंजने ओढून हे बरं होत नाही. पू दिसतो म्हणून सगळे पुवाच्या मागे लागतात पण खरं दुखणं त्या न दिसणाऱ्या थरात आहे.

हा थर दिवसागणिक पक्का होत जातो. म्हणून वॉशला मुदत असते. साधारण हिशोब असा की ऑपरेशन झाल्यापासून चारेक आठवड्यांच्या आत इन्फेक्शन उघडकीला आलं, किंवा गुडघा वर्षानुवर्षं मस्त चालत होता आणि अचानक सुजला, लाल झाला, ताप आला, तर त्रास सुरू झाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत, तर इम्प्लांट आत ठेवून वॉश करायचा विचार होतो. इम्प्लांट हाडाला घट्ट हवं आणि वरची चामडी बरी हवी, हेही बघतात. डॉक्टर लोक ह्याला डेअर म्हणतात, डीएआयआर, म्हणजे साफ करा, अँटिबायोटिक द्या, इम्प्लांट ठेवा. मुदत उलटून गेली, किंवा चामडीला भोक पडून महिनोन्महिने पाणी गळतंय, तर मग वॉश म्हणजे वेळ आणि पैसे घालवणं, तिथे इम्प्लांटच काढावं लागतं.

आणि मुदत कशी उलटते ते मी सारखं बघते. काकूंचं ऑपरेशन होऊन पंधरा-वीस दिवस झालेले असतात, एका टाक्यातून थोडं थोडं पाणी येतंय, ड्रेसिंगवर पिवळा डाग, घरचे म्हणतात असेल, टाका आहे, ओला राहिला असेल. मग कोपऱ्यावरचे डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या देतात, डाग कमी होतो, सगळे खूश, गोळ्या संपल्या की परत. मग दुसऱ्या गोळ्या. मग कोणीतरी हळदीचा लेप सांगतं. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना फोन मात्र कोणी करत नाही कारण ‘एवढ्याशासाठी कुठे डोंबिवलीवरून दादरला न्यायचं, लोकलमध्ये चढवायचं कसं’. अरे बाबांनो, टॅक्सी करा, उधारीवर करा, पण आणा. ऑपरेशननंतर जखम आठवडाभराच्या वर गळत असेल तर ती ज्याने टाके घातले त्यालाच दाखवायची.

त्या मधल्या गोळ्यांचा अजून एक घोळ आहे. गोळ्या चालू असताना सांध्यातलं पाणी तपासायला पाठवलं तर कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात त्यात, काहीच उगवत नाही, आणि जंतू कुठला ते कळलं नाही की पुढचं अँटिबायोटिक अंदाजाने द्यावं लागतं. पेशंट स्टेबल असेल तर सर कधी कधी गोळ्या बंद करून दोन आठवडे थांबतात आणि मग सुई घालतात. सुईने काढलेल्या पाण्यात पांढऱ्या पेशी किती, त्यातल्या न्यूट्रोफिल ह्या प्रकारच्या किती टक्के, हे बघतात, जुना गुडघा असेल तर ३,००० पेशी आणि ८० टक्के न्यूट्रोफिलच्या वर गेलं की संशय पक्का होत जातो. ऑपरेशन ताजं असेल तर आकडे ह्याच्या बरेच वर धरतात, कारण नुसत्या ऑपरेशननेच पेशी वाढलेल्या असतात. सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी, तिचंही तसंच, नव्या ऑपरेशननंतर तिचा आकडा वाढलेलाच असतो, उतरतोय की परत चढतोय ते बघायचं असतं, त्यामुळे एकच रिपोर्ट हातात घेऊन ‘नॉर्मल पाच आणि आमचा चाळीस’ करून रडू नका. आणि लघवी तपासायची ती रंग बदलणारी पट्टी असते ना, तीच सांध्यातल्या पाण्यात बुडवून दोन मिनिटांत अंदाज घेतात, पाणी रक्ताळलेलं नसेल तर. स्वस्तात मस्त प्रकार आहे, मला तो फार आवडतो.

आता वॉश आत कसा चालतो. आमच्या बाजूने तयारी आदल्या संध्याकाळीच सुरू होते. तीन लिटरच्या सलाईनच्या बॅगा वॉर्मरमध्ये ठेवायच्या, कारण एवढं थंड पाणी उघड्या गुडघ्यावर ओतलं तर आजी टेबलावर कुडकुडायला लागतात आणि अनेस्थेशियाच्या मॅडम माझ्यावर ओरडतात. पल्स लॅव्हेज गन, म्हणजे पाण्याचे झटके मारणारी पिचकारी, आली असेल तर ती, बॅटरीवर चालणारी, एकदा वापरून फेकायची, आणि नसेल तर युरोलॉजीवाल्यांचा टीयूआर सेट, म्हणजे पाणी सोडायची नळी, बॅगेला लावायचा आणि बॅग स्टँडवर उंच चढवायची. टेबलाखाली बादल्या, जमिनीवर चादरी, वॉर्डबॉय मामांना आधीच सांगून ठेवायचं की आज पोछा हातात ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन ट्रॉल्या. एक घाण, एक स्वच्छ. स्वच्छ ट्रॉली झाकून कोपऱ्यात, तिला कोणी हात लावायचा नाही, रेसिडेंटने, म्हणजे शिकाऊ डॉक्टरने, नुसतं तिकडे बघितलं तरी मी डोळे वटारते.

गुडघा उघडला की पहिल्यांदा सॅम्पल. पाच ठिकाणचे पाच तुकडे, प्रत्येक तुकड्याला नवीन ब्लेड, नवीन फोर्सेप, वेगळी बाटली, बाटलीवर जागा लिहायची. वरवरचा स्वॅब घेऊन भागत नाही, त्यात चामडीवरचेच जंतू येतात. आणि लॅबला सांगायचं की कल्चर चौदा दिवस ठेवा, काही जंतू इतके आळशी असतात की दुसऱ्या आठवड्यात उगवतात.

मग खरवडणं. हेच खरं ऑपरेशन आणि हेच कोणी विचारत नाही. सांध्याचं आतलं अस्तर सुजून मऊ, लालभडक, कधी करडं झालेलं असतं, ते सगळं कापून काढायचं, पुढून, बाजूने, वरच्या कप्प्यातून. मग पॉली काढायचा, तो खटकन निघतो, आणि तो काढल्याशिवाय सांध्याच्या मागच्या भागात हातच जात नाही. तिथे मागे रक्तवाहिन्या असतात म्हणून सर एकदम गप्प होतात, रेसिडेंटचे जोक बंद, रेडिओ बंद. जो वॉश पॉली न बदलता झाला त्याला मी तरी अर्धाच म्हणेन. दुर्बिणीतून, म्हणजे आर्थ्रोस्कोपीने धुवा ना, छोटं भोक पडेल, असंही लोक विचारतात, पण दुर्बिणीतून पॉली बदलता येत नाही आणि मागे नीट पोचता येत नाही. मग धातू ब्रशने घासतात, गॉझने पुसतात, इंच न् इंच.

ह्या सगळ्यानंतर पाणी. सहा ते नऊ लिटर. २०१८ साली फिलाडेल्फियाला जगभरचे इन्फेक्शनवाले ऑर्थो डॉक्टर जमले होते, त्यांनीही हाच आकडा धरला. मी बॅग बदलत जाते आणि मोठ्याने मोजते. पहिल्या बॅगेला सक्शनच्या बाटलीत ताकासारखं गढूळ उतरतं, मग गुलाबी, मग शेवटी स्वच्छ. स्वच्छ दिसलं म्हणून थांबायचं नसतं हां.

पाण्याचा जोर किती असावा ह्यावरही डॉक्टरांत वाद आहे. जास्त जोराने मारलं तर घाण निघते पण ती मऊ मांसात आत ढकलली जायचीही भीती असते. उघड्या फ्रॅक्चरवर एक मोठी ट्रायल झाली होती, फ्लो नावाची, २०१५ ला निकाल आला, जवळपास अडीच हजार पेशंट, त्यात भारतातलेही होते. त्यात जोर कमी-जास्त केल्याने फरक पडला नाही, आणि साबणाचं पाणी साध्या सलाईनपेक्षा वाईट ठरलं. फ्रॅक्चर वेगळं आणि इन्फेक्शन झालेलं इम्प्लांट वेगळं हे मला कळतं, पण ‘भारीतलं औषध घाला’ म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

बरं, मग काहीच घालत नाहीत का? घालतात. आमच्याकडे बीटाडीन. आणि त्यातही गंमत अशी की घट्ट बीटाडीन ओतायचं नाही, पातळ करायचं, ०.३५ टक्के, म्हणजे ५०० मिलि सलाईनमध्ये १० टक्क्यांचं बीटाडीन साडेसतरा मिलि, दिसायला फिकट चहा. सांधा त्याने भरून ठेवायचा आणि तीन मिनिटं नुसतं थांबायचं. ओटीत तीन मिनिटं म्हणजे केवढी मोठी असतात ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही, घड्याळ माझ्याकडे, सर दर पंधरा सेकंदांनी विचारतात झाली का, आणि मी म्हणते नाही सर. मग परत सलाईनने धुवायचं. कोणी क्लोरहेक्सिडिन वापरतं, ०.०५ टक्के, कोणी व्हिनेगरवालं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, कोणी हायड्रोजन पेरॉक्साइड, पण ह्यातलं एकच श्रेष्ठ असं कोणी ठामपणे सिद्ध केलेलं नाही. आणि सलाईनच्या बॅगेत अँटिबायोटिक टाकून धुणं, जे पूर्वी सर्रास चालायचं, त्याचा विशेष फायदा दिसला नाही. दोन-चार मिनिटांत अँटिबायोटिक काय करणार, त्याला तासन् तास लागतात.

मग सगळ्यांचे गाऊन बदला, ग्लोव्हज बदला, ड्रेप बदला, सक्शनची नळी, कॉटरीची (रक्त थांबवायला चटका देणारी) पेन्सिल, सगळं नवीन. घाण ट्रॉली बाहेर. तेव्हा कुठे माझी झाकलेली ट्रॉली उघडते आणि नवीन पॉलीचं पाकीट फुटतं.

हे आधी कापा-खरवडा मग धुवा प्रकरण आजचं नाही. पहिल्या महायुद्धात अलेक्सिस कॅरेल नावाचा फ्रेंच सर्जन आणि हेन्री डेकिन नावाचा इंग्रज केमिस्ट, ह्या दोघांनी फ्रान्समध्ये सैनिकांच्या सडलेल्या जखमांत रबरी नळ्या घालून दर दोन तासांनी सौम्य ब्लीच, म्हणजे ०.५ टक्के हायपोक्लोराइट सोडायची पद्धत काढली. हात-पाय कापायची वेळ आलेले कित्येक सैनिक त्याने वाचले. पण त्यांचीही अट हीच की आधी मेलेलं मांस काढा, मग नळ्या घाला. लोकांना नळ्या लक्षात राहिल्या, अट विसरले. पुढे गुडघ्यातही एका नळीने पाणी आत आणि दुसरीने बाहेर असं दिवसचे दिवस चालवायचे, आमच्या सीनियर सिस्टरांनी ते केलंय, त्या सांगतात की बाहेरची नळी गाठीने तुंबायची, बेड ओला, पेशंट ओला, आणि नळीवाटेच नवीन जंतू आत. म्हणून ते मागे पडलं. आता अमेरिकेत तीच कल्पना वेगळ्या रूपात परत आली आहे, खराब इम्प्लांट काढायचं, आत खास स्पेसर, म्हणजे मधल्या काळापुरता बसवायचा तुकडा, बसवून त्यातून सात दिवस व्हॅन्कोमायसिन आणि टोब्रामायसिन ही अँटिबायोटिक सांध्यात सोडत राहायची आणि आठवड्याभरात नवीन इम्प्लांट बसवायचं, त्याच्या ट्रायल झाल्यात. चाललं तर फारच भारी होईल, कारण सध्या काय होतं ते बघा.

सध्या वॉशची मुदत गेली की बहुतेक ठिकाणी दोन टप्प्यांचं ऑपरेशन. पहिल्यात इम्प्लांट काढून अँटिबायोटिकवालं हाडाचं सिमेंट भरायचं, हाच आपल्याकडचा स्पेसर. तो बनवताना सिमेंटच्या ४० ग्रॅमच्या पाकिटात व्हॅन्कोमायसिनच्या बाटल्या फोडून पावडर मिसळायचं काम माझं, तो वास दिवसभर नाकातून जात नाही. मग साधारण सहा आठवडे अँटिबायोटिक, त्यातलं बरंचसं शिरेतून, मग दुसरं ऑपरेशन. तोवर आजी वॉकरवर, आणि घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खर्चाचं तर विचारूच नका. २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली, नेहमीचं कोबाल्ट क्रोम धातूचं ५४,७२० रुपये अधिक जीएसटी झालं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण रिव्हिजनच्या, म्हणजे दुसऱ्यांदा बदलताना लागणाऱ्या, इम्प्लांटची मर्यादा तेव्हाच १,१३,९५० ठेवली होती, म्हणजे दुप्पट, आणि त्यात ओटी, बेड, अँटिबायोटिक काहीच धरलेलं नाही.

वॉशनंतरचं एक सांगायचंय कारण त्यावरून घरात भांडणं होतात. स्टॅफ असेल तर दुसऱ्या अँटिबायोटिकच्या जोडीला रिफाम्पिसिन देतात, ते बायोफिल्ममध्ये घुसतं, १९९८ पासून त्याचा पुरावा आहे. एकटं कधीच देत नाहीत, जंतू पटकन सरावतो. पण हे टीबीचं औषध म्हणून आपल्याकडे सगळ्यांना माहीत, त्यामुळे मेडिकलवाला म्हणतो टीबी आहे का, सून घाबरते, सासू लपवते, आणि लघवी नारिंगी झाली की कोणीतरी गोळी परस्पर बंद करतं. टीबी नाहीये. नारिंगी रंग औषधाचाच आहे. कोर्स लांब असतो, फ्रान्समधल्या एका मोठ्या ट्रायलमध्ये, २०२१ साली आली ती, सहा आठवड्यांपेक्षा बारा आठवडे दिलेले पेशंट बरे राहिले, आणि वॉशवाल्यांत हा फरक जास्तच दिसला. तेव्हा बरं वाटलं म्हणून तिसऱ्या आठवड्यात बंद, असं करू नका.

आणि एक पावसाळ्याचं. गुडघा बदलून पाच-सात वर्षं झाली, सगळं छान, म्हणून लोक निर्धास्त असतात. जुलैत पाणी साचलेलं असतं, हिंदमाताला म्हणा की सायनला, त्यातून चालत यायचं, बोटांच्या बेचक्यात चिखल्या, शुगर वाढलेली, पाय लाल सुजलेला, त्याच्याकडे लक्ष नाही. तिथले जंतू रक्तात जातात आणि रक्तातून थेट त्या धातूवर. अशी माणसं ताप आणि टम्म गुडघा घेऊन येतात. गुडघा बदललेल्या माणसाला चिखल्या झाल्या तर ती किरकोळ गोष्ट नाही, पाय कोरडे ठेवा, मलम लावा, शुगर बघा, पाय लाल झाला तर त्याच दिवशी दाखवा.

शेवटचं, आणि हे डॉक्टरसुद्धा सांगायला विसरतात. एका कंपनीचा पॉली दुसऱ्या कंपनीच्या प्लेटवर बसत नाही, त्याच कंपनीतही साइज आणि मॉडेल जुळावं लागतं. ऑपरेशनच्या वेळी इम्प्लांटच्या प्रत्येक खोक्यातून बारकोडवाले स्टिकर निघतात, आम्ही ते केस पेपरवर चिकटवतो, पुष्कळ ठिकाणी डिस्चार्ज कार्डावरही लावतात. पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलमधून आला आणि स्टिकर नाही, जुन्या हॉस्पिटलचा रेकॉर्ड रूम शनिवारी दुपारीच बंद, की आम्ही एक्सरे बघून कंपनीच्या माणसांना फोटो पाठवत बसतो, हे तुमचं आहे का, हे तुमचं आहे का, आणि ज्या गुडघ्याला आज रात्री वॉश हवा त्याला सोमवार उजाडतो. तेव्हा घरात कोणाचा गुडघा बदलला असेल तर आत्ता फाइल काढा, स्टिकरचा स्वच्छ फोटो काढा आणि दोन-तीन जणांच्या मोबाईलमध्ये ठेवा, फाइलमध्ये स्टिकर नसेल तर हॉस्पिटलला फोन करून इम्प्लांटची कंपनी, मॉडेल आणि साइज लिहून मागा, त्यांना ते द्यावंच लागतं.